आत्यासाठी ई-रीडर निवडला त्याची पूर्ण हकीकत

आत्या ६८ वर्षांची आहे, एकटी राहते, आणि दिवसातले तीन-चार तास वाचण्यात जातात तिचे. लहानपणी मला पुस्तकांची गोडी तिनेच लावली त्यामुळे या विषयात मी जरा जास्तच मनावर घेतलं हे आधीच सांगते. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली, आणि त्याआधीपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, ते संधिवाताचं दुखणं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. जाड पुस्तक हातात धरलं की दहा मिनिटांत अंगठा ठणकायला लागतो. म्हणून आतेभावाने तिला १० इंची टॅब आणून दिला, चांगला होता, पण दोन महिन्यांत तो कपाटात गेला. मग एक दिवस तिचा फोन आला, "अगं, माझं वाचनच बंद पडलंय, तूच बघ काहीतरी."

माझी पहिली चूक इथेच झाली. मी लगेच मॉडेल्स बघायला बसले. कोणता स्क्रीन, किती पीपीआय (एका इंचात किती ठिपके, म्हणजे अक्षर किती रेखीव), किती जीबी, कलर की साधा, दोन रात्री त्यात घालवल्या आणि एक ६ इंची ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, जवळपास पक्का केला. नशीब की ऑर्डर करायच्या आधी तिच्याकडे आठ दिवस राहायला गेले. तेव्हा तो टॅब तिला परत वाचायला दिला आणि एका वहीत फक्त लिहून ठेवलं, ती कुठे बसून वाचते, काय वाचते, केव्हा थांबते आणि थांबताना काय करते. या वहीने सगळी निवड उलटीपालटी केली, आणि आता मला कोणी विचारलं की कुठला रीडर घेऊ तर मी आधी ही वहीच करायला सांगते.

वहीत काय निघालं ते सांगते. दिवसा ती खिडकीजवळच्या खुर्चीत वाचायची, तिथे टॅबच्या काचेत खिडकी दिसायची म्हणून ती सारखी टॅब तिरका करायची. रात्री डाव्या कुशीवर झोपून वाचायची, हे तिचं खरं वाचन, पूर्वी सलग दीड-दोन तास चालायचं. आणि थांबायची तेव्हा दर वेळी डोळे चोळायची नाही, बऱ्याचदा हात झटकायची. हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं, कारण ती फोनवर कायम "डोळ्यांना त्रास होतो" असंच म्हणायची आणि मीही सगळा विचार डोळ्यांचाच करत होते.

मग टॅब वजनकाट्यावर ठेवला. कव्हरसकट ७३० ग्रॅम. तिने धरता येत नाही म्हणून बाजूला ठेवलेली सातशे पानी कादंबरी ठेवली, ८०० ग्रॅम. म्हणजे पुस्तकाचं ओझं नको म्हणून जी वस्तू दिली ती जवळपास तेवढीच जड होती, वर तिच्या कडा निसरड्या, त्यामुळे चिमटीत घट्ट धरावी लागायची. आणि चिमटीत धरणं हेच अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याला सगळ्यात वाईट, बोटांच्या टोकाशी जेवढा जोर लागतो त्याच्या कित्येक पट जोर त्या सांध्यावर येतो. तळहातावर वस्तू नुसती टेकलेली असली तर हा प्रकार होत नाही. त्यामुळे किती वजन याच्या जोडीला कशी धरली जाते हेही बघावं लागतं.

डोळ्यांचं प्रकरण वेगळंच निघालं आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे मला कुठल्याच रिव्ह्यूमधे वाचायला मिळालं नव्हतं. मोतीबिंदू काढल्यावर आत जी लेन्स बसवतात ती नेहमीची साधी असेल तर तिचा फोकस एकाच अंतरावर असतो, बहुतेक वेळा लांबचं नीट दिसावं असा. जवळचं वाचायला चष्मा लागतोच. आत्याचा जवळचा नंबर अधिक २.५ आहे. आता या नंबराचा अर्थ सरळ अंतरात काढता येतो, १०० भागिले २.५, म्हणजे ४० सेंटीमीटर. तरुणपणी डोळा स्वतःच फोकस पुढेमागे करतो म्हणून पुस्तक जरा जवळ-लांब झालं तरी कळत नाही, पण तिच्या डोळ्यात आता ते होत नाही, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरच्या आसपासच अक्षर स्पष्ट, त्याच्या बरंच अलीकडे आलं की पुसट. मी शिवणकामाची टेप घेऊन रात्री मोजलं. वाचायला सुरुवात करताना टॅब ३८-४० वर असायचा, आणि वीस मिनिटांनी हात दमून कोपर दुमडायचं आणि तो २७ वर यायचा! अक्षर पुसट व्हायचं, मग ती फॉन्ट मोठा करायची, तरी पुसटच, मग आणखी मोठा. म्हणजे हात दमत होता आणि तक्रार डोळ्यांची होत होती.

आणखी एक, तिचा चष्मा दुहेरी होता, वर लांबचा आणि खाली जवळचा. खुर्चीत ठीक आहे, पण झोपून वाचताना खालच्या खिडकीतून बघायला हनुवटी वर करावी लागते, म्हणून मान अवघडायची. डोळ्यांच्या डॉक्टरांना तिने हे सगळं सांगितलं, किती अंतरावर धरते तेही सांगितलं, आणि त्यांनी फक्त वाचनाचा वेगळा चष्मा दिला, पूर्ण काच एकाच नंबरची. हा चष्मा या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी खरेदी ठरली असं मी मनापासून म्हणते. तो आल्यावर तिला लागणारा फॉन्ट दोन पायऱ्या खाली आला, आणि फॉन्ट खाली आला म्हणून स्क्रीन किती मोठा हवा याचं उत्तरही बदललं. डिव्हाईस आधी घेतला असता तर चुकीच्या साईझचा घेतला गेला असता.

आता साईझ. इंच हे तिरकं माप असतं त्यामुळे फसायला होतं. ६ आणि ७ इंचात एकाच इंचाचा फरक वाटतो पण पानावरची जागा ३६ टक्के वाढते, आणि ७.८ इंचीवर सहाच्या तुलनेत ६९ टक्के जास्त. मराठीसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. आपले शब्द लांब होतात, घरासमोरच्या, बोलण्यावरूनसुद्धा, असे प्रत्यय चिकटत जातात, त्यात वर मात्रा-वेलांटी खाली उकार, त्यामुळे ओळींमधे जागा जास्त सोडावी लागते. मैत्रिणीकडून पाच दिवसांसाठी आणलेल्या ६ इंचीवर आत्याला सोयीच्या फॉन्टमधे एका ओळीत चारच शब्द बसत होते, आणि दोन्ही बाजू सरळ करण्याची सेटिंग चालू असल्यामुळे त्या चार शब्दांमधे मोठाल्या फटी. नजर सारखी ओळीवरून ओळीवर उडी मारते आणि वाचणाऱ्याला दमायला होतं पण का ते कळत नाही. फक्त डावी बाजू सरळ ठेवली की फटी गेल्या, ही सेटिंग बऱ्याच रीडरमधे असते आणि लोक तिकडे बघत नाहीत. तरी चार शब्द ते चारच.

मग पुठ्ठ्याचे तुकडे कापले. ६, ७, ८ आणि १० इंची रीडर बाहेरून जेवढा असतो त्या मापाचे, आणि मागे नाणी चिकटवून वजन केलं, १७०, २००, २४० आणि ४८० ग्रॅम. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर बनवताना त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स खिशात लाकडाचा ठोकळा घेऊन फिरायचे ही गोष्ट प्रसिद्ध आहे, ती आठवली म्हणून सुचलं. आत्याला म्हटलं, रात्री कुशीवर झोप आणि हा धरून वीस मिनिटं रेडिओ ऐक. दहा इंची चार मिनिटांत खाली. आठ इंची टिकला पण चिमटीत, तळहातावर मावत नव्हता. सात इंची मावला, आणि वीस मिनिटांनी ती म्हणाली, "हा धरलाय हे मी विसरलेच होते गं." मला तेवढं उत्तर पुरेसं होतं.

स्क्रीनच्या प्रकाराबद्दल फार घोळ नव्हता पण कारण सांगते. ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरमधे असतो त्या, पडद्यात केसाच्या जाडीच्या आसपासच्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांच्यात पांढरे आणि काळे कण, विरुद्ध विद्युतभाराचे, आणि वीज दिली की एक रंग वर येतो. एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी इतकी चालते. हा पडदा स्वतः उजेड फेकत नाही, खोलीतला उजेड परत पाठवतो, त्यामुळे आत्याच्या खिडकीतलं ऊन इथे मदतीलाच येतं. सोनीचा लिब्री हा रीडर २००४ मधे आला, ॲमेझॉनचा किंडल २००७ मधे, तेव्हाच्या रीडरवर रात्री वाचायला खोलीतला दिवा लागायचा. किंडल पेपरव्हाईट २०१२ मधे आला त्यात कडेला बारीक दिवे आणि ते उजेड पडद्यावर पसरवतात, आता बहुतेकांमधे ते असतं, आणि बऱ्याच रीडरमधे उजेड पिवळसरही करता येतो.

झोपेबद्दल आतेभावाने विचारलं होतं. २०१४ च्या शेवटी आलेला एक अभ्यास यासाठी खूप सांगितला जातो, झोपण्याआधी उजेड फेकणाऱ्या स्क्रीनवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला साधारण १० मिनिटं जास्त लागली. पण त्यात १२ जणच होते आणि टॅब पूर्ण ब्राईटनेसवर ठेवलेला होता. त्यावरून ई-इंकबद्दल काही ठरवू नये असं माझं मत. आम्ही एवढंच केलं की रात्री उजेड पिवळसर आणि खोलीतल्या दिव्याइतकाच ठेवायचा, पांढरा कागद त्याच दिव्यात कसा दिसतो तसं पान दिसलं पाहिजे. डोळे कोरडे पडणं हा वेगळा भाग आहे, टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, त्याला कुठलाही स्क्रीन उपाय नाही, दर वीसेक मिनिटांनी लांब बघावं.

कलर घ्यायचा का? आतेभावाचा आग्रह होता की घेतोच आहोत तर कलर घ्या. दुसऱ्या एका मैत्रिणीकडे होता तो साध्याच्या शेजारी ठेवून बघितला. सध्या कॅलिडो ३ नावाच्या प्रकारचे जे रंगीत ई-इंक पडदे येतात त्यात काळ्या-पांढऱ्या मजकुराला ३०० पीपीआय मिळतं, रंगाला १५०, आणि रंगासाठी वरती जो फिल्टरचा थर असतो त्यामुळे पान मुळातच थोडं काळपट दिसतं, उजेड वाढवावा लागतो. आत्या चित्रांची पुस्तकं वाचत नाही. तिने दोन मिनिटं बघितलं आणि साध्यावर बोट ठेवलं. कॉमिक्स वाचणारं किंवा रंगीत नकाशे-आकृत्या लागणारं कोणी असेल तर उत्तर वेगळं येईल.

पाच दिवसांच्या त्या उसन्या ६ इंचीने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. तो पूर्ण टचचा होता. कुशीवर झोपलं की अंगठा काचेवर टेकतो आणि पान उलटतं, आणि मुद्दाम उलटायला जावं तर तिच्या कोरड्या बोटांना तो कधीकधी दादच देत नव्हता. एका रात्री तीन वेळा ती कुठे होती तेच हरवलं. मग ठरलं, पान उलटायला बटणं हवीतच, आणि एका बाजूला रुंद कड हवी जिथे हात टेकवला तरी काही होत नाही. अशा रीडरचा स्क्रीन उलटा फिरतो त्यामुळे बटणं डाव्या हाताकडेही घेता येतात, दुखरा अंगठा उजवा आहे म्हणून हे फार कामाचं. मात्र आपोआप फिरणं बंद करून ठेवायचं, नाहीतर कुशीवर वळलं की पानही वळतं.

दुसरी गोष्ट मराठी अक्षरांची. मी एक छोटी फाईल केली होती, तीत मुद्दाम असले शब्द घातले, त्र्यंबक, उत्स्फूर्त, राष्ट्रीय, शृंगार, हृदय, कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, ॲसिड. हा शेवटचा ॲ युनिकोडमधे (कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लिपींच्या अक्षरांची ठरलेली यादी) २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमधे तिथे रिकामा चौकोन दिसतो. आणि कुऱ्हाडीतला तो अर्धा र बऱ्याच ठिकाणी मोडतो. उसन्या रीडरवर दुकानातून घेतलेली मराठी पुस्तकं नीट दिसत होती पण बाहेरून टाकलेल्या ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रकार) फाईलीत जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडत होती. आत्या म्हणाली अडतंय मला, आणि ती बरोबर होती, शब्द डोळ्याला एकसंध दिसला नाही की वाचन थांबून अक्षरं लावत बसावं लागतं. मराठी वाचणाऱ्याने आपली स्वतःची फाईल टाकून बघितल्याशिवाय रीडर घेऊ नये, माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

मग तिची पुस्तकं मोजली. खरंतर हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. विकत घेतलेली १४, सगळी किंडलवरची, त्यातली ११ वाचून झालेली. फुकट मिळालेल्या ईपब साठेक. आणि पीडीएफ शंभरच्या वर, बहुतेक जुन्या पुस्तकांचे स्कॅन. विकत घेतलेली पुस्तकं बहुतेक वेळा कुलूपबंद असतात, ज्या दुकानाची त्याच ॲपमधे किंवा रीडरमधे उघडतात, त्यामुळे ज्यांची शंभर-दोनशे पुस्तकं एका दुकानात आहेत त्यांची निवड आधीच झालेली असते. आणि ती पुस्तकं पूर्णपणे आपली नसतात हेही लक्षात ठेवावं, मायक्रोसॉफ्टने २०१९ मधे आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांची घेतलेली पुस्तकं उघडायची बंद झाली, पैसे परत मिळाले पण पुस्तकं गेली. ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मधे पुस्तकाची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय काढून टाकली. आत्याच्या बाबतीत तीनच पुस्तकं उरली होती म्हणून आम्ही मोकळे होतो. बटणांचा किंडल म्हणजे ओएसिस, तो २०२४ मधे बंद झाला, त्यामुळे तसंही तिकडे जाता येत नव्हतं.

शेवटी घेतला तो ७ इंची, काळा-पांढरा, बटणांचा, अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर, २०० ग्रॅमच्या आसपास. अँड्रॉइड घेतल्यामुळे जोडाक्षरं सगळी नीट आली, हवा तो मराठी फॉन्ट टाकता आला, आणि किंडलचं ॲप टाकून ती तीन पुस्तकंही उघडली. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. बॅटरी महिनाभर वगैरे नाही, तिच्या वाचनाला सात-आठ दिवस. आणि सेटिंग्ज इतक्या की एक अख्खी दुपार मी फक्त काढून टाकण्यात घालवली, पहिल्या पानावर एकच वाचायचं ॲप ठेवलं, नोटिफिकेशन बंद, वायफाय बंद. बटणं ॲपमधे आधी चाललीच नाहीत, ॲपच्या सेटिंगमधे आवाजाच्या बटणांनी पान उलटा असा पर्याय असतो तो चालू केल्यावर चालली. जवळ कोणी हे करून देणारं नसेल तर मी हा प्रकार सुचवणार नाही, त्यापेक्षा बंदिस्त साधा रीडर बरा.

कव्हर आम्ही घेतलं आणि परत केलं. त्याचंच वजन १२० ग्रॅम होतं, लावलं की पुठ्ठ्याची सगळी परीक्षा फुकट. तिने जुन्या सुती साडीची पिशवी शिवली त्यात तो राहतो.

तीन महिने झाले. रात्रीचं वाचन परत दीड-दोन तासांवर आलंय, टेपने मोजलं तर तासाभरानंतरही अंतर ३७-३८ आहे. अंगठा दुखतो, पण वाचण्यामुळे नाही दुखत. आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहायची ती तिला खटकायची, दर पाच पानांनी स्क्रीन पूर्ण ताजा होईल असं लावलं. पुस्तक किती उरलंय हे हाताला कळत नाही ही तक्रार अजून आहे, टक्के तिला समजत नाहीत असं नाही पण आवडत नाहीत, म्हणून खाली या प्रकरणाची किती पानं उरली ते दिसेल असं ठेवलंय.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं मात्र रीडरवर जमलं नाही. समास कापून बघितले, आडवं धरून अर्धं अर्धं पान बघितलं, मजकूर सुटा करून परत रचणारं के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, इंग्रजीत ठीक होतं पण जुन्या मराठी छपाईत शिरोरेषा तुटलेली असली की शब्द मधेच कापले जातात. काही पीडीएफ स्कॅन नव्हत्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या होत्या, त्या कॅलिबर या ई-पुस्तकांचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ईपब केल्या तर नुसती चिन्हं येतात. म्हणून तो टॅब परत कपाटातून काढला आणि टेबलावर स्टँडला लावला, बरोबर ४० सेंटीमीटरवर. हातात धरायचा नाही त्यामुळे वजनाचा प्रश्नच नाही, आणि १० इंचावर पान पूर्ण दिसतं. आतेभावालाही बरं वाटलं.

तिथे ती एका वेळी वीस-पंचवीस मिनिटंच बसते, रात्री कुशीवर झोपून ती पुस्तकं वाचता येत नाहीत याची तिला हळहळ आहे. म्हणून टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, वापरून, त्यात मराठी आहे, एका पुस्तकाची तीन प्रकरणं मी मजकुरात आणली. चुका बऱ्याच येतात, अर्धा र तर जवळजवळ प्रत्येक वेळी. सकाळी ती स्टँडवरच्या टॅबमधे मूळ पान बघत वहीत चुका लिहून काढते, मी दुरुस्त करून ईपब पाठवते, आणि रात्री ती तेच प्रकरण रीडरवर वाचते. चौथं प्रकरण काल पाठवलं.